चवीपुरतं

४ नोव्हेंबर

वन्स,

तुमच्या कानांची चौकशी करत नाही. ते गेले ते गेले. परवा फोनवर मी एवढं बोलले आणि तुम्ही दर वाक्याला 'बरं बरं' म्हणालात. मध्ये मी मुद्दाम म्हटलं, वन्स, तुम्ही जरा मठ्ठच आहात. त्यालाही 'बरं बरं'. तेव्हाच ठरवलं, आता पत्रच. अक्षर लावून वाचा. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर मी लिहिलं ते फक्त बरण्यांवर.

इकडे सगळ्या गल्लीला खोकला लागलाय. सकाळी दार उघडलं की बाकड्यावर माणसं. खालचा शिंपी, शाळेची बस चालवणारा, वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली. शिंप्याचा खोकला कोरडा, बसवाल्याचा ओला, शिकवणीवालीचा निम्मा खोकला आणि निम्मी तक्रार. म्हणून दरेकाचं पातेलं वेगळं. कुणात सुंठ जास्त, कुणात लवंग. ज्येष्ठमध मात्र सगळ्यांत, त्याशिवाय घसा सुटत नाही. पाणी आटून पाव उरेपर्यंत माझ्यासमोर बसायचं, हा नियम. घाई असेल त्याने डॉक्टरकडे जावं, तिथे बसू देत नाहीत.

काल बसवाला म्हणाला, "आजी, बाटलीत भरून द्या ना, घरी पितो." मी म्हटलं, "बाटली बाजारात मिळते. इथे काढा मिळतो." बसला मुकाट्याने. पातेलं चढवताना, आटताना आणि उतरवताना मी घोटभर चाखते. माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय कुणाच्या हातात पेला गेला नाही, आणि जाणार नाही.

तुम्हालाही खोकला आहे असं तुमच्या भाच्याकडून कळलं. सोबत ज्येष्ठमध-सुंठेची पुडी आहे. चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि गप्प बसायचं. दुसरं तुम्हाला जमणार नाही, पहिलं तरी करा.

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

पुडी पोचली. उघडली, वास घेतला आणि खिडकीतून खाली टाकली. खाली माळी होता, तो वर बघून शिंकला. तुझ्या औषधाचा तेवढाच गुण आला.

राग मानू नकोस. मी वॉर्डात उभ्याने जन्म काढला. पाला-पाचोळा खाऊन, शेवटी हात जोडून आमच्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती आधी आली असती तर चालत घरी गेली असती. मला इथे साधं सिरप दिलं, खोकला गेला.

इथे वृद्धाश्रमात सगळं वेळेवर असतं. सकाळी ट्रॉली येते. कागदी कपात माझ्या गोळ्या: एक हृदयाची, एक पाणी काढणारी, एक कशाची ते मलाही विचारून घ्यावं लागलं. एक मुलगी मी गिळेपर्यंत उभी राहते, मग म्हणते, "आ करा." मी किती जणांना आ करायला लावलं असेल! आता माझ्या तोंडात ती टॉर्च मारून बघते, गोळी गालात तर नाही ना ठेवली. चांगली मुलगी आहे, काम चोख आहे. तिची ट्रॉली पुढे गेली की संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणाला काही काम नसतं.

खोलीला खिडकी आहे. खाली गाड्या लावतात. मला काही कमी नाही.

तू तुझं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलंस? पुड्या पाठवू नकोस.

तुझी नणंद


२ डिसेंबर

वन्स,

पुडी पाठवू नका म्हणालात म्हणून आणखी एक पाठवते आहे. तीही माळ्याच्या डोक्यावर टाका. त्याला तरी गुण येऊ दे.

माळ्याला सांगा, माझ्या पायांना काय झालंय ते बघ. चपलेत मावत नाहीत. सकाळी बरे असतात, दुपारपर्यंत पावासारखे फुगतात. बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. शिकवणीवाली घाबरली आणि मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि आकडा बघून पुन्हा भरली. म्हणाला, दाब फार आहे. स्क्रीनकडे बघत विचारलं, "काही देशी औषध घेता का? काढे, पावडर?"

मी म्हटलं, "घेत नाही."

खोटं कशाला बोलू? मला कुठे खोकला आहे?

दाबाची एक गोळी आणि लघवीची एक गोळी दिली. मी दोन्ही घेते, शपथेवर सांगते. तुम्हाला वाटतं मी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडते. तसं नाही. तुमच्या भावाच्या शेवटच्या वर्षी तुम्ही त्यांना मोठ्या इस्पितळात नेलंत, मी तोंडातून शब्द काढला नाही. घरी आणल्यावर मी काढे दिले, तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत. तुमच्याने झालं नाही आणि माझ्यानेही झालं नाही. तेव्हापासून मला दोन्हीकडच्या बढाया ऐकवत नाहीत.

फक्त त्या डॉक्टरने एकदा माझ्या पायांकडे बघायला हवं होतं. पाय मी आणले होते, त्याने कागद बघितला.

गल्लीत खोकला वाढलाय. बाकडं पुरत नाही, शिंप्याने दुकानातून दोन स्टुलं आणून ठेवली. पातेली कमी पडतात. मला उसंत नाही, हे बरंच आहे.

वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

दुसरी पुडीही टाकली. माळी सुट्टीवर आहे.

नीट उत्तर दे. दाब किती होता? आकडा लिहून पाठव, 'फार' हा आकडा नाही. जेवणात मीठ किती घेतेस? लोणच्या-पापडाचं मला सांगू नकोस, ते वर्ज्य. धाप लागते का? आणि तुझे ते काढे तू स्वतः पितेस का? खरं सांग, मी डॉक्टर नाही, मला फसवून तुला काही मिळणार नाही.

मी आता संध्याकाळी फिरायला जात नाही. जिना उतरायला पाय तयार होत नाहीत. वय झालं असेल. इथल्या मुलीने विचारलं, मी म्हटलं, गुडघे. ती लिहून घेते आणि जाते.

परवा तुझं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. एकदा वाचलं आणि चष्मा नीट नव्हता, म्हणून पुन्हा वाचलं.

तुझी नणंद


६ जानेवारी

वन्स,

आकडा डॉक्टरने कागदावर लिहिला आणि कागद डॉक्टरने ठेवून घेतला. मीठ मी चिमटीने घेते. धाप लागत नाही. काढा पीत नाही, एक पेलाही नाही. आता पुन्हा विचारू नका. तुमच्या वॉर्डातल्या बायका तुम्हाला फसवत असतील, मला ते जमत नाही.

आता खरी गोष्ट. मी पडले.

शेगडीशी उभी होते. पातेलं उतरवायला वळले आणि पाय माझे राहिलेच नाहीत. पिळलेल्या फडक्यासारखे झाले. काढा सांडला तो जमिनीवर, माझ्यावर नाही, एवढंच बरं. शिंप्याने आणि बसवाल्याने उचललं. शिंपी म्हणतो, "आजी, तुम्ही तर हलक्या आहात." मी म्हटलं, "मग दोघं कशाला लागलात?" हसले, पण दोघांचे चेहरे उतरले होते.

डॉक्टरने लघवीची गोळी वाढवली. पाय थोडे उतरले, पण जोर आणखी गेला. छातीत मधूनच एक ठोका राहून गेल्यासारखं होतं, मग दोन एकदम पडतात.

तुमचा भाचा येऊन गेला. सगळं घर बघितलं, शेगडी बघितली, मग खुर्चीत बसून मोठ्या माणसासारखा बोलला: "आई, आता एकटीने राहणं पुरे. महिनाअखेर मी गाडी घेऊन येतो. माझ्याकडे चल." त्याचं घर आठव्या मजल्यावर आहे. सगळी दारं बंद. नात तिच्या खोलीत असते आणि तिच्या कानात कायम काहीतरी घातलेलं असतं. तिथे मी काय करू? भिंतीला खोकला येईल याची वाट बघू?

म्हणून महिनाअखेरपर्यंत मला पायांवर उभं राहून दाखवायचं आहे. नाही राहिले तर हे घर गेलं, बाकडं गेलं.

काम थांबवलं नाही. आता बसून करते. शेगडी खाली घेतली, पातेली ओळीने. सकाळभर याची चव बघ, त्याची चव बघ, दुपारी जेवायला भूकच राहत नाही. बाकी ठीक.

वहिनी


२२ जानेवारी

वहिनी,

शेगडी बंद कर. आधी बंद कर, मग पुढचं वाच.

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत तुझ्या मुलाला फोन गेला असेल. मला ऐकू येत नाही म्हणून इथल्या त्या टॉर्चवाल्या मुलीला फोन करायला लावला आणि मी शेजारी उभी राहून ओरडले. तो तुला इस्पितळात नेईल. भांडू नकोस. तिथे सांग, रक्तातलं पोटॅशियम बघा आणि हृदयाची पट्टी, ईसीजी, काढा.

तू लिहिलंस, चव बघता बघता भूक राहत नाही. दर पातेल्याला तीनदा, घोट घोट. इतकी पातेली, आणि सगळ्यांत ज्येष्ठमध. बाई, तुझ्या पोटाला काय कळतं की हा शिंप्याचा खोकला आहे आणि हा बसवाल्याचा? त्याच्या दृष्टीने तू रोज तांब्याभर काढा पितेस, आणि दोन महिने झाले पितेस.

ज्येष्ठमध रोज एवढं गेलं की अंगात पाणी साठतं, दाब चढतो आणि पोटॅशियम नावाचा एक क्षार रक्तातून उतरतो. तो उतरला की पायातली ताकद जाते. आणखी उतरला की हृदयाचा ठेका चुकतो, आणि मग कुणाला काही करता येत नाही. सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी तोच क्षार आणखी बाहेर काढते. डॉक्टरला बोल लावू नकोस. त्याने विचारलं होतं. तूही खरंच सांगितलंस, हेच तर वाईट.

मी पाला-पाचोळा म्हणायची. नुसता पाला असता तर मी आज काही बोलले नसते. ते औषध आहे. काम करतं, म्हणून बिघडवतंही.

आता, मला हे कसं सुचलं. मी हुशार म्हणून नाही. तुझं पत्र मी इस्पितळाच्या पलंगावर वाचलं. जेवणघरात माझी शुद्ध गेली होती. रक्त तपासलं तर तो क्षार तळाला गेलेला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "काही देशी औषध घेता का?" आणि मी, जिने हा प्रश्न आयुष्यभर लोकांना विचारला, मान हलवून 'नाही' म्हटलं.

मी इस्पितळात असताना मागे त्या मुलीने माझ्या उशीचा अभ्रा बदलला. त्यात तुझ्या दोन्ही पुड्या होत्या. एक रिकामी, एक अर्धी. ती त्या घेऊन इस्पितळात आली आणि डॉक्टरसमोर ठेवल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी त्या कधीच टाकल्या नव्हत्या. माळी आहे, पण तो शिंकला नाही. ट्रॉली गेली की मी बोट बुडवून चाटायची. मग दुपारी. मग अशीच. खोकला केव्हाच गेला होता. त्या पुडीला तुझ्या स्वयंपाकघराचा वास आहे, वहिनी. दादा होता आणि मी सुट्टी काढून यायची, तेव्हाचा. इथे कशालाच वास नाही. फिनेल सोडून.

डॉक्टरशी तू खरं बोललीस आणि मी खोटं बोलले. नाडी दोघींचीही चुकली.

पत्र पोचलं की कळव. कुणाकडून तरी कळव.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

वन्स,

आहे.

शेगडी मी बंद केली नव्हती, तुमच्या भाच्याने येऊन केली. मला उचलून गाडीत घातलं, एका शब्दाने विचारलं नाही. इस्पितळात छातीला तारा लावल्या, हाताला सुई. ती क्षाराची बाटली शिरेत जाताना हात जळतो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. तुमच्या रोग्यांनाही सांगत नसाल.

मग तो डॉक्टर आला, आधीचाच.

"आजी, मी विचारलं होतं ना, काढा घेता का म्हणून?"

"घेत नाही मी. चाखते."

"किती?"

"दर पातेल्याला तीनदा."

"पातेली किती?"

"ते लोकांच्या खोकल्यावर आहे."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग पायांकडे. म्हणाला, पुढच्या माणसाला हा प्रश्न मी वेगळा विचारीन. मी म्हटलं, विचार, आणि त्याच्याकडे बघून विचार. तो हसला. माणूस वाईट नाही, घाईत आहे.

पाय उतरले. चपला होतात. लघवीची गोळी बंद, दाबाची एक राहिली, तीही अर्धी.

तुमच्याबद्दल. आयुष्यभर पाला-पाचोळा म्हणालात आणि माझ्या मुळ्यांत दम आहे हे मान्य केलंत ते दोघी मरायला टेकल्यावर. पुडी चाटलीत याचा मला राग आला आहे. शिकलेली बाई, उशीच्या अभ्र्यात पुडी लपवते! चिमूट म्हटलं होतं, बोट नाही. आणि खोकला गेल्यावर औषध थांबवायचं, हे लिहायला मी विसरले होते, ते आता लिहिते. टाकली नाहीत, त्याचं काय वाटलं ते लिहीत नाही. तेवढं लिहायला मी शिकलेली नाही.

घर राहिलं. भाच्याने अट घातली, काढे बंद. मी म्हटलं, तू अट घालायची गरजच नाही. डॉक्टरने चाखायला मनाई केली आहे. मी चाखल्याशिवाय कुणाला देत नाही. मग प्रश्नच मिटला.

शिंपी आला होता. म्हणाला, "आजी, ज्येष्ठमध वगळून करा."

"ते वगळून मी कधी केलेला नाही. कसा उतरेल मला माहीत नाही."

"मग तुम्ही चाखू नका, मी चाखतो."

"तुझ्या जिभेवर तंबाखू आणि दोरा. तुला काय कळणार?"

"मग अंदाजाने टाका हो."

"तू अंदाजाने सदरा कापतोस का?"

थोडा बसला, शेगडीकडे बघितलं. शेगडीवर काही नव्हतं. मग उठला. त्याला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, आणि काय काय घेतोस ते सगळं सांग, चाखतोस तेही सांग, म्हटलं.

वन्स, पातेलं आटत असलं की माणूस किती वेळ बसतो. बायकोचं सांगतो, मालकाचं सांगतो, गुडघ्याचं सांगतो. आटायला काही नसलं की दोन वाक्यांत निघतो. त्याचीही चूक नाही. नुसतं बसायचं तर कारण काय सांगायचं?

स्टुलं शिंप्याने परत नेली. त्याला दुकानात लागतात.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

बाटली जळते हे मी रोग्यांना सांगायची. ती आहे त्यापेक्षा जास्त जळेल म्हणून सांगायची, मग त्यांना कमी वाटायची.

माझ्या खोलीतला दुसरा पलंग रिकामा झाला आहे. ती बाई तिच्या लेकीकडे गेली असं इथे सांगतात. तिला लेक नव्हती.

मी ऑफिसात विचारून ठेवलं आहे. तू ये. मला ऐकू येत नाही, तू हवं ते बोल, मी 'बरं बरं' म्हणेन. सकाळी दोघींनी मिळून आ करू.

पलंग फार दिवस रिकामा ठेवत नाहीत.

तुझी नणंद


८ मार्च

वन्स,

येणार नाही.

वाईट वाटून घेऊ नका. घेतलंत तरी हरकत नाही, पण कारण ऐका. सकाळी मी दार उघडते तेव्हा समोर बाकडं असतं. रिकामं असतं, पण ते मी ठेवलेलं आहे. दुपारी मी त्याच्यावर बसते. शिकवणीवाली येताजाता जिन्यावरून विचारते, "आजी, बरं ना?" मी म्हणते, "बरं." एवढंच होतं, पण दार माझं मी उघडलेलं असतं. तिथे दुसऱ्याने तोंड उघडायला सांगायचं आणि मी उघडायचं, हे मला या वयात जमणार नाही. तुम्हाला जमलं कारण तुम्ही ते काम केलं आहे. तुम्हाला माहीत आहे की ती मुलगी वाईट नाही.

पलंग दुसऱ्या कुणाला जाऊ दे. तिला ऐकू येत असलं म्हणजे झालं.

सोबत एक पिशवी आहे. लहान, कापडाची, तोंडाला नाडी. शिंप्याने शिवली होती, कितीतरी वर्षांपूर्वी. माझं ज्येष्ठमध, सुंठ, लवंग सगळं हिच्यातच असायचं, शेगडीच्या वरच्या खिळ्याला. आता तो खिळा रिकामा आहे. मी ती उलटी करून झटकली, शिवणी दातांच्या ब्रशने घासून काढल्या, पुन्हा झटकली. आत पूड नाही. धुतली मात्र नाही.

अभ्र्यात लपवू नका. सकाळी त्या मुलीला दाखवा, तुमच्या डॉक्टरलाही दाखवा, सांगा, वहिनीने पाठवली आहे, रिकामी आहे. मग ट्रॉली पुढे गेली की नाकाशी धरायची. जीभ लावायची नाही.

मी आधी स्वतः हुंगून बघितली आहे. मगच पाठवते आहे.

वहिनी